सोळावा कागद

शिरवणे गावात धर्मराज मढवींचं घर विचारलंत तर लोक दोन खुणा सांगतात. एक, खाली झेरॉक्सचं दुकान. दुसरी, वरच्या खिडकीत भिंग घेऊन बसलेला म्हातारा. नवीन भाडेकरूंना आधी वाटतं, बाबा समोरच्या सोसायटीत डोकावतोय. तसं काही नाही हो. धर्मराजभाऊ पोस्टाची तिकिटं बघत असतात, आणि त्या वेळी समोरच्या सोसायटीला आग लागली तरी त्यांना धूर दिसायचा नाही.

तेहतीस वर्षं भाऊ पोस्टात सॉर्टर होते. पोत्यातलं टपाल बाहेर काढायचं आणि ज्या त्या गावाच्या खणात टाकायचं, हे काम. दारोदार फिरणाऱ्या पोस्टमनला लोक पाणी विचारतात, दिवाळीला पोस्त देतात. सॉर्टरला काळं कुत्रं ओळखत नाही. पण जगभरची पाकिटं त्याच्या हाताखालून जातात, आणि त्यातूनच भाऊंना हा नाद लागला.

तिकिटं जमवणारे पुष्कळ असतात. कुणी फुलं जमवतो, कुणी इंजिनं, कुणी फुलपाखरं. भाऊंचा विषय जगावेगळा. जे आपला देश सोडून दुसरीकडे राबायला गेले, त्या आपल्या नागरिकांच्या कौतुकासाठी देशांनी काढलेली तिकिटं! असली तिकिटं निघतात हेच मुळात लोकांना ठाऊक नसतं. भाऊंकडे दोनशेच्या वर आहेत. एक तिकीट चक्क बॅगेच्या आकाराचं कापलेलं, वर हँडलसुद्धा. एकावर बोट धुणारे खलाशी. एकाचे दोन तुकडे होतात, डावीकडे घरात फोन धरून बसलेली आई, उजवीकडे दूरदेशी इस्पितळात उभी असलेली नर्स, आणि मधे भोकांची ओळ. ते जोडीनं मिळवायला भाऊंनी चार वर्षं पत्रव्यवहार केला होता.

"याच विषयावर का जीव जडला?" असं तिकिटांच्या क्लबातले सुगत कांबळे एकदा विचारून बसले. सुगत म्हणजे वाशीतले बँकवाले, क्लबाचे सेक्रेटरी, सज्जन माणूस. भाऊंनी भिंग खाली ठेवलं.

"आमी मढवी कदी गाव सोडून गेलो नाय. पन नवं शेर आलं नि भाताची शेती गेली, मिठागरं गेली, खाडी तर आता पुलावरनं बगायची. आमी हाव तिथंच हाव नि गावच परका झाला. मंग जो खरोखर परक्या मुलखात जातो, नि तरी आपल्या देशाचा रहातो, त्याचं मना लय कवतिक वाटतं. बस."

त्या कौतुकाला अर्थात घरचं कारणही होतं. एकुलता एक मुलगा दिपेश अकरा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. विनिपेग नावाच्या गावी, जिथं मार्च महिन्यातही बर्फ तुडवत ऑफिसला जावं लागतं. तिथंच त्याचा संसार, बायको रंजिता, शाळेत जाणारी मुलगी. शिरवण्याचा पोरगा, बांधावरच्या चिंबोऱ्या पकडत वाढलेला, आणि आता तिकडे पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. भाऊ तोंडानं कधी बोलले नाहीत, पण गावदेवीच्या जत्रेत कुणी "दिपेश कसा हाय?" विचारलं की छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

तर गेल्या वर्षी क्लबानं ठरवलं, मे महिन्यात वाशीला प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकाला एक फ्रेम. फ्रेम म्हणजे काचेचं मोठं कपाट समजा, त्यात सोळा कागद बसतात, आणि त्या सोळा कागदांवर आपला विषय मांडायचा. परीक्षक येतात, गुण देतात, पदकं मिळतात. एखादं तिकीट विषयात बसत नसेल तर गुण कापतात. यात भाऊ परीक्षकांच्या वरताण. स्वतःच्याच तिकिटांना ते असे पारखून घेत की सोयरीक जमवताना बापानं जावयाला पारखावं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सुगत एक सुरेख तिकीट घेऊन आले. कुठल्याशा देशानं परदेशात नाव काढलेल्या आपल्या डॉक्टरवर काढलेलं. त्याच वेळी दिपेशचा व्हिडिओ कॉल चालू होता. मालतीबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्या लेकाशी बोलत भाकऱ्या थापत होत्या. भाऊंनी तिकीट पाहिलं, डॉक्टरची माहिती वाचली आणि चिमट्यानं उचलून परत दिलं.

"नाय चालनार. यानं तकडचा पासपोर्ट घेतला. हा परदेशी रहाणारा नागरिक नाय, हा परदेशी मानूस हाय. विषयाबाहेर."

"अहो पण जन्मानं तर तिथलाच ना?" सुगत म्हणाले.

"जल्माला काय करायचं? पासपोर्ट टाकला, संपला विषय."

डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये दिपेशनं हे सगळं ऐकलं. "आई, नंतर करतो," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या टेबलावर त्या वेळी कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र पडलं होतं. सरकारी पुलाच्या मोठ्या कामावर त्याला घेणार होते, पण नागरिक असेल तरच. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. दोन महिने तो बापाला सांगायचं म्हणून शब्द जुळवत होता. आता त्या जुळवलेल्या शब्दांचं लोणचं घालायचं?

इकडे भाऊंना या कशाचा पत्ता नाही. त्यांच्या डोक्यात सोळावा कागद शिजत होता. पंधरा कागदांवर जगाची तिकिटं, आणि शेवटच्या कागदावर आपला दिपेश! पोस्टात फोटो दिला की आपल्या माणसाच्या चेहऱ्याचं खरंखुरं, चालणारं तिकीट छापून मिळतं. भाऊंनी दिपेशचा फोटो दिला, तिकिटं करून घेतली, एक पाकिटावर चिकटवलं आणि जानेवारीत विनिपेगला धाडलं. सोबत व्हॉट्सॲपवर सूचनांचं पुराण. पाकीट मोडू नको. शेजारी तिकडचं तिकीट लाव. काउंटरवर जाऊन हातानं शिक्का मारून घे, तारीख स्वच्छ आली पाहिजे. मग तेच पाकीट माझ्या पत्त्यावर परत धाड. आत जाड कार्ड घातलंय ते तसंच राहू दे, त्यानं पाकीट वाकत नाही. आणि झाकण चिकटवू नको, नुसतं आत खोच.

ही सगळी तिकीटवाल्यांची रीत. त्यांच्या लेखी पाकीट ही बाहेरून बघायची वस्तू. आतलं कार्ड म्हणजे पाठीचा कणा, त्याला कुणी बाहेर काढत नाही.

पाकीट विनिपेगला पोचलं आणि तिथंच बसलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. भाऊ रोज विचारत, "धाडलंस का?" दिपेश म्हणे, "कामात आहे बाबा, धाडतो." चौदा मार्चला त्यानं शपथ घेतली. त्या संध्याकाळी त्यानं आईला फोन केला आणि सगळं सांगितलं.

मालतीबाई बाहेरच्या ओट्यावर सुकत घातलेला जवळा राखत बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले. "झालं त्ये झालं रं बाबा. पन तुज्या बाबाला तूच सांग. माज्या तोंडून कललं तर त्यांना वाटंल, आयलेकानं मिलून फसवला."

"फोनवर नाही जमत आई. मी लिहितो."

आणि एकोणीस मार्चला त्यानं त्या पाकिटातलं जाड कार्ड बाहेर काढलं, त्यावर जे लिहायचं ते लिहिलं, परत आत खोचलं, आणि बापाच्या सूचनेबरहुकूम काउंटरवर जाऊन स्वच्छ शिक्का मारून पाकीट टाकलं. म्हटलं, बाबा तिकिटासाठी का होईना, पाकीट उघडतीलच.

हाय रे कर्मा! तिकीटवाल्याचा मुलगा असून त्याला बाप कळला नाही.

एप्रिलात पाकीट आलं. भाऊंनी हात धुतले, पुसले, चिमटा घेतला. दोन तिकिटं शेजारी शेजारी, एकावर आपला पोरगा, दुसऱ्यावर तिकडचं मॅपलचं पान, आणि त्या पानावर गोल गरगरीत शिक्का. भिंग लावून त्यांनी तारीख तीनदा वाचली. मग कार्डासकट पाकीट कागदावर बसवलं, चारी कोपऱ्यांना पारदर्शक कोन लावले आणि खाली टाइप केलेली ओळ चिकटवली. "दिपेश धर्मराज मढवी, भारताचा नागरिक, मुक्काम विनिपेग, कॅनडा." फोटो काढला आणि दिपेशला पाठवला. वर लिहिलं, "मिळाले. फ्रेममध्ये लावले. तारीख झकास आली आहे."

तारीख झकास! शपथेनंतरच्या पाचव्या दिवसाची तारीख! विनिपेगला पहाटेच्या वेळी दिपेशनं तो मेसेज वाचला आणि पलंगावर बसून ढसाढसा रडला. बाबांनी वाचलं. वाचूनही मला भारताचा म्हणून लावलं. रंजिताला उठवून त्यानं तो फोटो दाखवला. त्याच दिवशी प्रदर्शनासाठी यायचं तिकीट काढलं, विमानाचं.

मालतीबाईंचीही तीच समजूत. आपला नवरा एवढं मोठं दुःख गिळून गप्प बसलाय म्हणून त्यांचा जीव तीळतीळ तुटू लागला. मग काय, घरात रोज सण. सोमवारी खाडीतल्या निवट्यांचं कालवण, मंगळवारी उपवास म्हणून खीर, बुधवारी चिंबोऱ्या. भाऊ जेवता जेवता बघत राहायचे.

"काय गो, लॉटरी लागली का काय?"

"तुमी जेवा. तुमाला राग नाय ना आला कसला?"

"चिंबोरीचा राग कोनाला येतो?"

मालतीबाई पदर डोळ्यांना लावायच्या आणि आणखी एक नांगी वाढायच्या. भाऊंना वाटलं, वय झालं हिचं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी वाशीच्या हॉलमध्ये तिघंही गेले. दिपेश परवाच उतरला होता. आल्या आल्या त्यानं बापाचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत, तेव्हा भाऊंनी, "आरं पुरे, कंबर धरंल," म्हणून त्याला उठवलं होतं. बापलेकांमध्ये याहून जास्त बोलणं त्या घरात कधी झालंच नाही.

प्रदर्शनात एक पद्धत असते. गुण नक्की करायच्या आधी परीक्षक एकेका फ्रेमपुढे येतात, मांडणाऱ्याला चार प्रश्न विचारतात. परीक्षक होत्या पुण्याच्या शर्मिलाबाई. बारीक चष्मा, हातात वही, तोंडावर कौतुकाचा लवलेश नाही. पण भाऊंच्या फ्रेमपुढे त्या एक एक कागद बघत सरकल्या आणि दोन तुकड्यांच्या तिकिटापाशी थांबून "वा" म्हणाल्या. सुगतनं भाऊंना कोपरानं ढोसलं. शर्मिलाबाईंचं "वा" म्हणजे पदक खिशात.

त्या सोळाव्या कागदाशी आल्या. "हे चिरंजीव?"

"व्हय. ह्यो बगा, हतंच उभा हाय," भाऊ म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा आला.

शर्मिलाबाई पहिल्यांदा हसल्या. "मग, परत यायचा विचार आहे की नाही?"

आता दिपेशला वाटत होतं, बाबांना सगळं ठाऊक आहे. तो सरळ बोलून गेला. "कठीण आहे मॅडम. मार्चमध्ये मी तिकडचं नागरिकत्व घेतलं."

शर्मिलाबाईंचं बोट काचेवरच थांबलं. "मार्चमध्ये कधी?"

"चौदाला."

"शिक्का एकोणीसचा आहे. आणि खाली लिहिलंय, भारताचा नागरिक."

"बाबांना माहितीय ते," दिपेश घाईनं म्हणाला. "मी कार्डावर सगळं लिहिलं होतं. त्यांनी वाचूनच लावलंय."

सगळे भाऊंकडे बघू लागले. भाऊ दिपेशकडे.

"कंच्या कार्डावर?" भाऊंनी विचारलं.

दिपेशचा चेहरा उतरला. मालतीबाईंनी तोंडावर हात घेतला. त्यांना एका क्षणात उमगलं. "आवो, तुमी वाचलंच नाय?"

भाऊंनी सुगतकडे वळून म्हटलं, "फ्रेम खोल."

"भाऊ, परीक्षण चालू आहे. आता खोलली तर तुमची एंट्री बाद होते. संध्याकाळी बघू ना."

"सुगत, खोल."

सुगतनं शर्मिलाबाईंकडे पाहिलं. त्या वहीत बघत राहिल्या. सुगतनं किल्ली लावली. भाऊंनी सोळावा कागद काढला, कोन सोडवले, झाकण उघडलं आणि कार्ड बाहेर ओढलं. चिमटा वापरला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांनी संग्रहातल्या एखाद्या पाकिटाला घामट हात लावला असेल.

कार्डावर दिपेशचं अक्षर होतं, शाळेतल्यासारखंच उजवीकडे कललेलं.

"बाबा, चौदा तारखेला मी इकडची शपथ घेतली. पासपोर्ट आता इकडचा. नोकरीसाठी घेतला, पण नुसतं नोकरीसाठी म्हटलं तर खोटं होईल. पोरीची शाळा इथं आहे, घर इथं आहे. डिसेंबरात तुम्ही सुगतकाकांना काय म्हणालात ते मी ऐकलं. तुमच्या फ्रेममध्ये मी बसत नाही, मला माहितीय. हे पाकीट लावू नका. शपथ घेताना तुमची फार आठवण आली. रागावलात तरी चालेल, पण वाचून झालं की तुम्ही मला फोन करा. मी करणार नाही, माझी हिंमत नाही. दिपेश."

राग आला. खोटं कशाला बोला, भाऊंना असा राग आला की कानशिलं तापली. अकरा वर्षं ज्याच्या नावानं छाती फुगवली त्यानं एवढी गोष्ट एका पुठ्ठ्यावर लिहून कळवावी? पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते फार वाईट होतं. ते कार्ड महिनाभर त्यांच्या घरात होतं. त्यांच्या टेबलावर. त्यांनी त्याच्यावर भिंग धरलं होतं.

"तेतीस वर्सं," ते म्हणाले, कुणाकडेच न बघता. "तेतीस वर्सं लोकांची पत्रं पोचती केली. एक चुकीच्या खनात टाकलं नाय. नि मना आलेलं पत्र मीच काचेत घालून टांगलं."

"बाबा," म्हणत दिपेश पुढे झाला.

शर्मिलाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मढवी, फ्रेम उघडलेली मी पाहिली नाही असं समजा. पण हा कागद नियमानं विषयाबाहेर जातो. काढून ठेवलात तर उरलेल्या पंधरा कागदांवर गुण देता येतील. पदक मिळेल."

भाऊंनी त्या कागदाकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं, टाइप केलेल्या ओळीतले "भारताचा नागरिक" हे दोन शब्द एका रेघेनं खोडले, पाकीट पुन्हा कागदावर बसवलं आणि कागद होता तिथं लावला. रेघ वाकडी आली.

"ऱ्हाऊ दे हतंच," ते म्हणाले. "गुन कापा. कापायचे तेवडे कापा."

कार्ड मात्र त्यांनी आत घातलं नाही. ते हातात धरून ते हॉलच्या खिडकीपाशी गेले, सगळ्यांकडे पाठ केली, खिशातून मोबाइल काढला आणि चष्मा वर करून कितीतरी वेळ त्यात नाव शोधत राहिले. मेसेज ते स्वतः धाडत, पण फोन एरवी मालतीबाईच लावून द्यायच्या.

फ्रेमपाशी उभ्या असलेल्या दिपेशच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून बघितला. स्क्रीनवर "बाबा" असं आलं होतं. त्यानं खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे. मालतीबाईंनी डोळ्यांनीच सांगितलं, उचल.

"हॅलो," दिपेश म्हणाला.

"दिपेश? बाबा बोलतो," खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून भाऊ म्हणाले. "तुजं कार्ड मिललं. जरा उशीर झाला वाचायला, चूक माजी. राग आलाय मना, आताच सांगतो. दोन दिवस बोलनार नाय मी धड."

"चालेल बाबा."

"तकडं शपथ घेतलीस तवा कोन व्हतं संगती?"

"रंजिता होती. आणि पोरगी."

"आमी नव्हतो." भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं. ठेवतो आता. घरी ये."